मुलांसोबत बघायच्या अ‍ॅनिमेशन सिनेमाचे रिव्ह्यू कसे वाचायचे ('ब्रदर बेअर'चं उदाहरण घेऊन)

सुट्टीच्या आदल्या रात्री सिनेमा लावायचा असतो, मुलं आधीच सोफ्यावर जाऊन बसलेली असतात आणि आपण मोबाईलवर नाव टाकून बघतो की बरा आहे का. पहिल्यांदा दिसतात ते टक्के. 'ब्रदर बेअर' (डिस्नेचा 2003 चा अ‍ॅनिमेशन सिनेमा) टाकलंत तर रॉटन टोमॅटोज या समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या साइटवर 37 टक्क्यांच्या आसपास आकडा येतो, आणि बहुतेक आईबाप तिथेच "जाऊदे, दुसरं काहीतरी लाव" म्हणून मोकळे होतात. आता गंमत अशी की याच सिनेमाने जगभरात 25 कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला, ऑस्करचं नॉमिनेशन मिळवलं, आणि तेव्हा शाळेत असलेली आणि आता स्वतः नोकरीला लागलेली कितीतरी मंडळी अजून याचं नाव काढलं की हळवी होतात. मग समीक्षक खोटं बोलले का? तर नाही. रिव्ह्यूमधला कुठला वैताग सिनेमावरचा आहे आणि कुठला त्या वर्षावरचा, एवढं वेगळं काढता आलं की झालं, आणि ते कसं काढायचं तेच खाली लिहितोय. हा सिनेमा मुद्दाम घेतलाय कारण यात ते फार स्वच्छ दिसतं.

पुढे गोष्ट फुटणार आहे, ज्यांना नकोय त्यांनी आधी सिनेमा बघून या, दीड तासाचाही नाहीये.

तर गोष्ट थोडक्यात. हिमयुग संपतानाचा काळ, उत्तर अमेरिकेचा थंड प्रदेश, तीन भाऊ, सिटका, डेनाही आणि धाकटा केनाई. माशांची टोपली नीट बांधून ठेवायचं काम केनाईचं, तो ते धड करत नाही, अस्वल येऊन मासे फस्त करतं, केनाई रागाने त्याच्या मागे जातो आणि त्या झटापटीत भावांना वाचवताना मोठा सिटका मरतो. केनाई सूड म्हणून अस्वलाला मारतो. मग आत्मे त्यालाच अस्वल करून टाकतात, मधल्या भावाला वाटतं की याच अस्वलाने केनाईला खाल्लं, म्हणून तो भाला घेऊन मागे लागतो, आणि केनाईच्या गळ्यात पडतं कोडा नावाचं बडबडं पिल्लू जे आईला शोधतंय. ती आई कोण हे मोठ्यांना लगेच कळतं, मुलांना थोडं उशिरा.

आधी आकडा नीट वाचा

रॉटन टोमॅटोजचा टक्का म्हणजे परीक्षेतले मार्क नाहीत, हे अजून खूप जणांना माहीत नसतं. किती समीक्षकांनी एकंदरीत "चांगला आहे" म्हटलं त्याचं ते प्रमाण. म्हणजे समजा दहा जणांनी एका हॉटेलातली मिसळ खाल्ली आणि दहाही जण "ठीकय, खाण्यासारखी आहे" म्हणाले तर ती 100 टक्के, आणि दुसऱ्या हॉटेलात चौघं रस्सा परत परत मागतायत पण सहा जणांना तिखट लागली तर ती 40. तुम्हाला तिखट चालत असेल तर कुठे जाल? मेटाक्रिटिक नावाच्या तशाच दुसऱ्या साइटवर वेगळा हिशोब असतो, तिथे प्रत्येक रिव्ह्यूला शंभरपैकी गुण देऊन सरासरी काढतात, आणि काही प्रकाशनांना जास्त वजन. तिथे 'ब्रदर बेअर' 48 ला आहे.

आता हे दोन्ही आकडे शेजारी ठेवा. साठ टक्क्यांपेक्षा जास्त समीक्षकांनी नको म्हटलं, पण सरासरी मात्र जवळजवळ मध्यावर. याचा अर्थ कोणी फार चिडलेलं नाही. हा झोडपलेला सिनेमा नाही, "हे आधी बघितलंय बुवा" म्हणून कंटाळून बाजूला सारलेला सिनेमा आहे. आणि समीक्षकाला आलेला हा कंटाळा तुमच्या सहा वर्षांच्या पोराला येईलच असं नाही, कारण त्याने आधीचं काहीच बघितलेलं नसतं. मी तर म्हणतो की मुलांच्या सिनेमाच्या बाबतीत या दोन आकड्यांमधलं अंतर बघायची सवयच लावून घ्यावी, सरासरी मधली आणि टक्का खाली असं दिसलं की पहिला प्रश्न हाच, हे लोक वैतागलेत की कंटाळलेत. आयएमडीबी या साइटवर सर्वसाधारण प्रेक्षकांचं मत दहापैकी सातच्या जरासं खाली आहे, म्हणजे लोकांना पुरेसा आवडलाय.

मग तारीख बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं

'ब्रदर बेअर' आधी 24 ऑक्टोबर 2003 ला न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये लागला, आणि 1 नोव्हेंबरला सगळ्या अमेरिकेत. त्याच वर्षी मे महिन्यात कॉम्प्युटरवर बनवलेला 'फाइंडिंग निमो' येऊन गेला होता, त्याला समीक्षकांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं होतं. कॉम्प्युटरवरचं अ‍ॅनिमेशन जोरात होतं आणि डिस्नेचं हाताने काढलेलं अ‍ॅनिमेशन धडपडत होतं, आदल्या वर्षी 2002 मध्ये 'ट्रेझर प्लॅनेट' दणकून आपटला होता. त्यामुळे डिस्नेचा नवा हाताने काढलेला सिनेमा आला की समीक्षक एक डोळा पडद्यावर आणि एक डोळा कंपनीच्या भवितव्यावर ठेवून बसायचे. यात 'ब्रदर बेअर' सापडला. दिग्दर्शक अ‍ॅरन ब्लेझ आणि रॉबर्ट वॉकर, दोघांचाही हा पहिलाच मोठा सिनेमा, आणि तो बनला ऑरलँडोजवळच्या डिस्नेच्या फ्लोरिडा स्टुडिओत, जिथे आधी 'मुलान' आणि 'लिलो अँड स्टिच' झाले होते. सिनेमा लागून काही महिने होतायत तोवर 2004 च्या सुरुवातीला तो स्टुडिओच बंद केला. म्हणजे तिथून निघालेला हा शेवटचा पूर्ण लांबीचा सिनेमा.

म्हणून करायचं काय, तर रिव्ह्यू उघडा आणि ज्या ज्या वाक्यात दुसऱ्या सिनेमाचं, दुसऱ्या स्टुडिओचं किंवा "डिस्नेचे ते दिवस" वगैरे नाव येतं ती वाक्यं मनातल्या मनात बाजूला काढा. उरलेलं वाचा. 2003 चे रिव्ह्यू असे वाचलेत तर काही ठिकाणी अर्धा रिव्ह्यू गळून पडतो, खरंच. जे उरतं ते तुमच्या कामाचं असतं, चित्रं सुंदर आहेत, मधला प्रवास रेंगाळतो, गाणी ओठांवर सुरू न होता मागून वाजत राहतात, मूस (सिनेमातले दोन विनोदी प्राणी, मोठ्या शिंगांच्या हरणासारखे) जमलेत किंवा नाही जमलेत. एवढ्यावर ठरवता येतं.

पण बाजूला काढलेली वाक्यं अगदीच फेकून देऊ नका बरं का. समीक्षक म्हणत होते की हा 'द लायन किंग'च्या पठडीतला आहे, आणि त्यात तथ्य होतं. 1994 मध्ये 'द लायन किंग' तुफान चालल्यावर डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख मायकल आयस्नर यांना प्राण्यांचाच आणखी एक मोठा सिनेमा हवा होता, पण उत्तर अमेरिकेतला. अस्वलं आली ती आयस्नरांनी घेतलेल्या, अल्बर्ट बीअरश्टाट या चित्रकाराच्या एका निसर्गचित्रावरून. सुरुवातीची कल्पना शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'वर बेतलेली होती, तीन मुली आणि म्हातारा बाप, मग ती बदलत बदलत बाप आणि मुलगा झाली, आणि शेवटी भाऊ. म्हणजे आज आपण ज्याला भावांचा सिनेमा म्हणतो त्यात भाऊ सगळ्यात शेवटी आले. हे माहीत असलं की रिव्ह्यूमधली "गोष्ट एकसंध वाटत नाही" ही तक्रार कुठून येते ते कळतं.

"कॉपी आहे" दिसलं की कॅलेंडर काढा

बऱ्याच जणांनी 'आइस एज'ची पण आठवण काढली होती. हिमयुग, प्राणी, आईपासून दुरावलेलं पोर, प्रवास, सगळं दिसायला सारखंच. 'आइस एज' आला मार्च 2002 मध्ये, 'ब्रदर बेअर' 2003 च्या शेवटी, म्हणजे वरवर बघता नक्कल. पण असला सिनेमा बनायला चार-पाच वर्षं सहज जातात, आणि 'ब्रदर बेअर'चं काम 'आइस एज'च्या आधीच सुरू झालेलं होतं. तेव्हा दोन अ‍ॅनिमेशन सिनेमांत वर्ष-दीड वर्षाचं अंतर असेल आणि कोणी चोरीचा आरोप करत असेल तर तो शक्यतो सोडून द्यायचा. 'द लायन किंग'च्या बाबतीत अंतर नऊ वर्षांचं, तिथे आरोप ऐकून घ्यायचा. एवढा साधा नियम आहे.

समीक्षक कशाला हसतोय ते बघा

रट आणि टूक हे दोन मूस या सिनेमातले विनोदवीर. त्यांना आवाज रिक मोरॅनिस आणि डेव्ह थॉमस यांचे, आणि हे दोघं 1980 च्या दशकात कॅनडातल्या टीव्हीवर बॉब आणि डग मॅकेन्झी नावाचे दोन येडचाप भाऊ करायचे, तेच इथे शिंगं लावून आलेत. ज्या समीक्षकाने ते लहानपणी किंवा कॉलेजात बघितलंय तो मूस आले की खूश, ज्याला कंटाळा आलेला होता तो वैतागलेला. आपल्याकडे तो टीव्ही शो कोणाच्या घरी लागत नव्हता. त्यामुळे मूसबद्दलची स्तुती आणि शिव्या दोन्ही अर्ध्यावर आणून वाचायच्या. मुलं त्यांच्या बावळटपणावर हसतात, तेवढं पुरे. (डीव्हीडीवर हे दोघं मूस बनूनच अख्ख्या सिनेमावर कॉमेंट्री करतात, ती मोठ्यांनी मुलं झोपल्यावर ऐकण्यासारखी आहे.)

एक सीन पकडा आणि सगळे रिव्ह्यू त्या सीनवर तपासा

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती इथे चालते, फक्त शीत बरोबर निवडलं पाहिजे. ट्रेलरवरून नाही. प्रत्येक सिनेमात एक असा सीन असतो जिथे गोष्ट उघड व्हावीच लागते, पळता येत नाही. 'ब्रदर बेअर'मध्ये तो कबुलीचा.

सॅल्मन माशांच्या हंगामाला सगळी अस्वलं एकत्र जमलीयत, धमाल चाललीय, रात्री प्रत्येक जण आपली वर्षभरातली एक गोष्ट सांगतोय. कोडाची पाळी येते. तो रंगवून रंगवून सांगतो की आपल्या आईने शिकाऱ्यांशी कशी झुंज दिली, बर्फाचा कडा कसा कोसळला. त्याला वाटतंय आपण शौर्याची गोष्ट सांगतोय. आणि केनाईला हळूहळू लक्षात येतं की ही गोष्ट आपल्याला माहीत आहे, दुसऱ्या बाजूने माहीत आहे, मारणारा आपणच होतो. हे फार म्हणजे फार चांगलं जमलंय, पिल्लाच्या तोंडून आनंदात सांगितलेली गोष्ट आणि ऐकणाऱ्याचा उतरत जाणारा चेहरा, कुठे वाद्यांचा गोंगाट नाही.

आणि त्यानंतर केनाई कोडाला खरं सांगतो तेव्हा काय होतं? गायक फिल कॉलिन्सचं गाणं चढत जातं आणि शब्द ऐकूच येत नाहीत. केनाईचं तोंड हलतंय, कोडाचे कान मागे गेलेत, तो मागे सरकतोय, आणि वर गाणं. अख्ख्या सिनेमाने जे वाक्य दाबून ठेवलं होतं तेच आपल्याला ऐकू देत नाहीत. यावर मतं फाटतात. काहींच्या मते हा पळपुटेपणा आहे, काहींच्या मते लहान मुलांच्या सिनेमात असंच करायला हवं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा पळपुटेपणाच वाटतो, पण मूल शेजारी बसलेलं असेल तर ते गाणं बरं पडतं, कारण त्याला कळायला वेळ मिळतो आणि तेवढ्यात ते आपल्याकडे वळून विचारतं "त्याने सांगितलं का?" तरी एक वाक्य, एकच, ऐकू द्यायला हवं होतं असं अजून वाटतं.

तर युक्ती अशी की एखादा रिव्ह्यू या सीनबद्दल काय म्हणतो ते शोधा. काहीच म्हणत नसेल आणि नुसतं "भावनिक पण साचेबद्ध" लिहून मोकळा झाला असेल तर त्या रिव्ह्यूला फार किंमत देऊ नका. सीनचं नाव घेऊन नावं ठेवणारा समीक्षक आपल्याशी सहमत नसला तरी उपयोगाचा असतो. रॉजर इबर्ट आणि रिचर्ड रोपर या अमेरिकन समीक्षकांनी त्यांच्या टीव्ही शोवर या सिनेमाला चांगलं म्हटलं होतं, आणि इबर्टच्या लेखी रिव्ह्यूचा रोख मला नेमका वाटतो, की हा सिनेमा प्राण्यांच्या नेहमीच्या अ‍ॅनिमेशन सिनेमांपेक्षा अध्यात्माकडे जास्त झुकलेला आहे. एवढ्या एका वाक्यावरून घरी ठरवता येतं. धिंगाणा हवा असेल तर आज नको, शांत बसायची तयारी असेल तर लावा.

पडद्याचा आकार, म्हणजे टीव्ही बिघडलाय असं समजू नका

हे फार कमी रिव्ह्यूंमध्ये मिळतं म्हणून इथे लिहितो. केनाई माणूस असेपर्यंत, म्हणजे साधारण पहिली चोवीस-पंचवीस मिनिटं, चित्र अरुंद चौकटीत आहे आणि रंगही जरा दबलेले. तो अस्वल होऊन जागा होतो आणि चित्र दोन्ही बाजूंना उघडतं, रंग खुलतात. थिएटरमध्ये हे जाणवायचं. घरी मात्र सुरुवातीला चारी बाजूंनी काळी पट्टी दिसू शकते आणि बाबा लोक रिमोट घेऊन झूम करायला लागतात. करू नका. झूम केलंत तर नंतर उघडण्याची मजाच जाते. आणि चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच आकारात दिसत असेल तर तुमच्यापुढची कॉपी कापलेली आहे. समीक्षकाने "दिसायला साधाच" लिहिलंय का "रंग अंगावर येतात" लिहिलंय, हे त्याने कुठल्या पडद्यावर बघितला यावर पण असतं, तेवढी सूट द्यायची.

जुने रिव्ह्यू आणि नवे रिव्ह्यू दोन्ही थोडे थोडे

आजकाल या सिनेमावर जे लिहिलं जातं त्यात आणखी एक मुद्दा येतो जो 2003 मध्ये कमी होता. सिनेमात जमातीचं नाव कुठेच घेत नाहीत, थोडं इन्यूइट (उत्तर ध्रुवाजवळचे मूळ रहिवासी), थोडं इकडचं थोडं तिकडचं, टोटेम म्हणजे प्रत्येकाचं प्राण्याचं चिन्ह, आत्मे, उत्तरेच्या आकाशातले रंगीत प्रकाश असं सगळं मिसळलेलं. केनाईचा आवाज मात्र हॉलीवूडचा नट वाकीन फीनिक्सचा. केनाई अस्वल होतो त्या सीनमधलं गाणं इन्यूपियाक या अलास्कातल्या इन्यूइट लोकांच्या भाषेत भाषांतर करून घेतलं आणि गायलं कोणी, तर बल्गेरियातल्या बायकांच्या कॉयरने, म्हणजे समूहगान करणाऱ्या बायकांनी. ऐकायला जबरदस्त आहे, अंगावर काटा येतो, पण त्या भाषेच्या लोकांना त्यात काय वाटेल हा प्रश्न रास्तच आहे. मोठ्या मुलांशी हे बोलण्यासारखं आहे, लहानांना नाही कळणार. नव्या रिव्ह्यूंमधून हा भाग घ्या, आणि बाकी नॉस्टॅल्जियाचा पूर आलेला असतो तो गाळून टाका, कारण "माझ्या बालपणीचा बेस्ट सिनेमा" या वाक्यातून सिनेमाबद्दल काहीही समजत नाही.

आईबापांना जे हवं ते समीक्षक लिहीत नाहीत

म्हणून ते मीच सांगून टाकतो. सुरुवातीलाच मोठा भाऊ मरतो, पण रक्त वगैरे नाही. अस्वलाला मारणं थेट दाखवत नाहीत. भाला घेऊन मागे लागलेला डेनाही लहान मुलांना घाबरवू शकतो, विशेषतः तो सख्खा भाऊच आहे हे कळत असल्यामुळे. अमेरिकेत याला 'G' सर्टिफिकेट आहे, म्हणजे सगळ्यांसाठी, पण त्या 'G' वर डोळे झाकून जाऊ नका, आईच्या मरणाची गोष्ट आहे ती आहे. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर थोडं थांबा. पाच-सहा वर्षांच्या मुलाजवळ बसून बघा, आठ-नऊच्या पुढे त्यांचं ते बघतात. आणि शेवट! केनाईला परत माणूस व्हायची संधी मिळते आणि तो अस्वलच राहायचं ठरवतो, कारण कोडाला कोणी नाही. यावर माझ्या भाचीने सरळ विचारलं होतं की "मग डेनाहीला कोण आहे?" एवढा नेमका प्रश्न मला कुठल्या छापील रिव्ह्यूत सापडला नाही. मुलांचे असले प्रश्न लिहून ठेवत जा, तुमचा स्वतःचा रिव्ह्यू तिथूनच सुरू होतो.

धंदा आणि बक्षिसं

पटकन. अमेरिकेत साडेआठ कोटी डॉलर, बाकी जगात त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे हिट म्हणायला हरकत नाही, पण यावरून चांगला-वाईट ठरवू नका, सुट्ट्यांमध्ये मुलांना घेऊन जायला काहीतरी लागतंच. ऑस्करला 2004 मध्ये अ‍ॅनिमेशन विभागात तीनच सिनेमे होते, 'ब्रदर बेअर', 'फाइंडिंग निमो' आणि फ्रान्सकडून आलेला 'द ट्रिपलेट्स ऑफ बेलव्हिल'. जिंकला निमो. नॉमिनेशन आहे म्हणून पोस्टरवर छापतात, पण किती जणांतून मिळालं तेही बघत चला.

बघून झाल्यावर स्वतः लिहायचा असेल तर

चार ओळी लिहा, जास्त नको. कोणत्या वयाच्या मुलासोबत बघितला, कुठे चुळबूळ सुरू झाली (माझ्या अनुभवात प्रवासाच्या मधल्या भागात, मूस नसतात तिथे), कुठला सीन परत लावायला सांगितला, आणि तुम्हाला स्वतःला काय खटकलं. "मस्त आहे नक्की बघा" लिहू नका, त्याने कोणाचंच भलं होत नाही. स्टार द्यायचेच असतील तर मुलाचे वेगळे आणि तुमचे वेगळे द्या. माझे पाचपैकी साडेतीन, भाचीचे पाच, आणि तिने वर कोडासाठी एक जादा दिलाय.

दुसरा भाग लावायचा हट्ट होणारच. 'ब्रदर बेअर 2' 2006 मध्ये थिएटरला न लागता थेट डीव्हीडीवर आला, त्यात केनाईचा आवाज पॅट्रिक डेम्प्सीचा आहे आणि गोष्ट केनाईच्या बालमैत्रिणीची. पहिल्याचे रिव्ह्यू त्याला लावू नका, त्याचे वेगळे वाचा, आणि ते वाचताना थेट डीव्हीडीवाल्या सिनेमांना समीक्षक बहुतेक वेळा ढुंकूनही बघत नाहीत हे लक्षात ठेवा, म्हणून तिथे आकडा फार थोड्या लोकांच्या मतांवर उभा असतो.